पोहोचण्याची वेळ

ग्रिम्सबीत ट्रॅव्हल एजंटचं दुकान आता एवढं एकच उरलंय,
आणि त्यात खुर्ची एकच, माझी.
बाकीचं गाव तिकिटं फोनवर काढतं.
मंगळवारी डोरीन ब्लँचर्ड आली, वय त्र्याऐंशी.
ओली छत्री दारात झटकली
आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

पर्थ. ऑस्ट्रेलियातलं. मुलगा असतो तिथे, ग्रॅहम.
किती लांब?

मी आकडा वाचला: लंडनहून साडेचौदा हजार किलोमीटर.
तिचा चेहरा कोरा.
मैलांत सांगितलं, नऊ हजार.
तरी कोराच.
मग तास सांगितले, सतरा. मध्ये कुठेही न उतरता.
तेव्हा हसली,
सोळा आणे थाप ऐकल्यासारखी.

"माझा नॉर्मन आइसलँडला जायचा, मासेमारीला.
जायला चार दिवस, यायला चार,
मधले मासे ठरवतील तितके.
आणि आइसलँड काय, हे इथं, वरच्या अंगाला."
तिने भिंतीवरच्या नकाशाकडे न बघताच
छताकडे बोट केलं.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवला.
निळ्यावर एक वाकडी रेघ.
सरळ का नाही जात?
सरळच जातं, म्हटलं, पृथ्वी वाकडी आहे.
हे मात्र तिला लगेच पटलं.

कागद छापून दिला.
निघण्याची वेळ, दुपारी बारा चाळीस.
पोहोचण्याची वेळ, दुसऱ्या दिवशी, एक चाळीस.
त्या दुसऱ्या ओळीवर तिने नख टेकवलं.
"हे कोण लिहितं?
मी तर अजून निघालेसुद्धा नाही."

अंदाज असतो, मी म्हणाले. वाऱ्यावर असतं.
वारा पाठीशी असला की लवकर, समोरून आला की

"वाऱ्याचं मला सांगू नकोस."

नॉर्मन एकोणीस दिवसांचं सांगून गेला होता.
विसाव्या दिवशी तिने बटाटे जास्तीचे सोलले.
एकविसाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला,
दार उघडायच्या आधीच टोपी काढलेला.
हे ती छत्रीची दांडी पुसत सांगत होती,
बस चुकल्याचं सांगावं तसं.

मग पुन्हा कागद.
सतराच तास म्हणतेस, आणि इथे तर पंचवीस होतात.
मधले आठ कुठे गेले?
तिकडचं घड्याळ पुढे असतं.
परत येताना मिळतात?
मिळतात.
"मग ठीक. उसने असतील तर देईन."

"आणि तुझं? तुझं किती?"

इतक्या वर्षांत हे कुठल्याच गिऱ्हाईकाने विचारलं नव्हतं.
हंबरसाइडहून ॲमस्टरडॅम, तास सव्वा तास.
तिथून मुंबई, साडेआठ.
मग परभणीची गाडी, अख्खी रात्र.
आणि स्टेशनपासून रिक्षा दहा मिनिटं,
फाटक पडलेलं असेल तर वीस.
ती वीस मिनिटं आमच्या सिस्टिममध्ये कुठेच बसत नाहीत.
"शेवटची कधी गेलीस?"
चार वर्षं झाली.
ती काही बोलली नाही.
पर्समधून पुदिन्याची एक गोळी काढली,
माझ्याकडे सरकवली.

दारात थांबली.
"मी हात हलवणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.
बोट सुटताना बायकांनी हात हलवला
की लाट तोच हात धरते, असं आई म्हणायची.
त्या दिवशी धुणंही काढायचं नाही,
धुण्याबरोबर माणूस वाहून जातं."

मी म्हटलं, आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत.
'येते' म्हणायचं.
तिला वाटलं मी चुकून उलटं सांगतेय.
मग स्वतःशीच म्हणून पाहिलं,
येटे. येत्ते.
तिसऱ्यांदा जवळपास जमलं.

तिकीट काढलं नाही, कागद तेवढा नेला.
पाऊस आडवा लागला होता, समुद्राकडून.
कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथून परत आली,
दार अर्धवट उघडून म्हणाली,

गुरुवारचं बघून ठेव.
गुरुवारी माझं धुणं नसतं.